ड्रॅगनच्या दारात खाकरलो

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी, गारखेड्यातल्या आमच्या हॉलमध्ये, पंख्याखाली बसून मी माझी बायको ड्रॅगनला देऊन टाकली.

(ती सुखरूप आहे. आत्ता आत भेंडी चिरते आहे, आणि सुरीचा आवाज जरुरीपेक्षा मोठा येतो आहे.)

आमची मृण्मयी दर रविवारी भिडू जमवून एक खेळ खेळायची. टेबलावर चौकटीच्या कागदाचा नकाशा आणि फासे, बाकी सगळं तोंडी. मृण्मयीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. मी निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी दुपारी मी झोपायचो (बाकीच्या दुपारीही). त्या दिवशी एक भिडू तापानं पडला आणि मृण्मयी दारात येऊन म्हणाली, "बाबा, बसता का?"

पंधरा दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य! पंधरा दिवसांपूर्वी मी पिशोरच्या एका चांगल्या घराला तिच्या लग्नाचा शब्द देऊन आलो होतो. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती, हे खरं. पण शब्द म्हणजे शब्द! तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि ते मला फार लागलं होतं. म्हटलं, बसू. पोरगी हसेल, अबोला सुटेल, मग हळूच पिशोरचा विषय काढू.

टेबलाशी जाऊन पाहतो, तर आमच्या सौभाग्यवती सुरेखाबाई आधीच मांडी ठोकून बसलेल्या!

"तू? कधीपासून?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "मी जादूगारीण आहे."

सहा महिने! मी आत घोरत होतो आणि बाहेर बायको जादू शिकत होती. या घरात मला कुणी काही सांगत नाही, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

तिसरी सना, मृण्मयीची औरंगपुऱ्यातली मैत्रीण. ती चोर झाली होती. मला योद्धा केलं. त्या दिवशी नवी गोष्ट सुरू होत होती, म्हणून तिघंही अगदी बिगरीतले. माझ्याकडं गंजकी तलवार, सुरेखाकडं दोनच मंत्र, त्यातला एक दिवा लावायचा. आणि जायचं कुठं, तर ड्रॅगनच्या गुहेत! जमिनीतून उकळती वाफ, पावलागणिक खड्डे, शेवटी झोपलेला ड्रॅगन आणि त्याच्या पाठीमागून बाहेर पडायची वाट.

"बाबा, टेबलावर जे कराल ते गुहेत होतं," मृण्मयीनं दोनदा बजावलं. "इथं खोकलात की तिथं खोकलात."

तासभर आम्ही चोरपावलांनी सरकत गेलो. सनाचा एक बूट वाफेत वितळला, माझी ढाल खड्ड्यात गेली. अखेर ड्रॅगनचं दार आलं, आणि मी खाकरलो.

मुद्दाम नाही हो! कुणाच्याही घरात शिरताना पुरुषमाणसानं उंबऱ्याबाहेर खाकरायचं, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. आतल्या बायामाणसांना पदर सावरायला सवड मिळते. बरं, नुसतं खाकरून थांबावं? वर म्हणालो, "हाय का कुणी घरात?"

"काका!" सना किंचाळली. "कायकू खाकरे? अब उन सबकू खाता!"

"ओ, ड्रॅगनला पदर असतो का?" सुरेखानं विचारलं.

मृण्मयीनं फासा टाकला. ड्रॅगन जागा झाला आणि तिच्या घशातून गुरगुरला, "कोण आहे?"

आता निभावून नेणं भाग होतं. मी म्हणालो, "रामराम! आपलं मूळ गाव कुठलं म्हणायचं? शोधलं तर पाव्हणं निघू आपण."

ड्रॅगनचं गोत माझ्या गोताशी जुळेना. तो म्हणाला, "मला भूक लागली आहे. तुमच्यातलं एक माणूस ठेवा, बाकीचे मागच्या वाटेनं जा."

मी वर्षानुवर्षं शाळा चालवली आहे. निर्णय घ्यायला मला अर्धं मिनिटही लागत नाही! म्हणालो, "जादूगारीण ठेवून घ्या. दिला शब्द!"

मृण्मयी ड्रॅगनचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? मोठ्या माणसानं ठरवलं की झालं. आणि वाईट काय आहे? एवढी मोठी गुहा, एकटा जीव, सासू नाही, नणंद नाही..."

बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं. मृण्मयी माझ्याकडं बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती थकल्यासारखी बघत होती.

"आमाला बी मत हाय ना?" सुरेखा म्हणाली. "मग आमी ह्यांना देतो."

"हौ, काकाकूच देओ," सना म्हणाली.

ड्रॅगननं मला एका घासात संपवलं. मेलेल्या माणसाचं टेबलावर काम नसतं, म्हणून मला चहा ठेवायला पाठवलं. माझ्या बदल्यात त्या दोघी गुहेबाहेर सुटल्या, आणि हॉलमध्ये असा हशा उठला की बास! मी घरात असताना त्या हॉलमध्ये कुणी इतकं मोकळं हसलेलं मला आठवत नव्हतं.

शरम वाटली, खरं सांगतो. आधण उकळायच्या आत पिशोरला फोन लावला.

"पाव्हणं, लई वाईट वाटतं, पण मी दिलेला शब्द मागं घेतो. पोरीला नोकरीला जायचं आहे."

"अहो सर," पलीकडून मुलाचे वडील म्हणाले, "तुमच्या घरून नकार येऊन आठ दिवस झाले की! बाई बोलल्या, पोरगी बी बोलली. बुधवारचं तिकीट काढलंय म्हनली. तुमाला कुणी सांगितलं नाय व्हय?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, ताठ उभा राहिलो, आणि प्रार्थनेच्या वेळी मैदानावर लावायचो तो आवाज लावला.

"सांगितलं म्हणजे काय! मीच तर कळवायला लावलं होतं!"