गाळलेला आकडा

माझे वडील, अण्णा, यांचं बंगळूरच्या शिवाजीनगरात कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला बोटभर कापड जास्त जाईल, पण कमी जाणार नाही, अशी त्यांची ख्याती. दुकान कायमचं बंद केल्यावर ते घरात नुसती चिडचिड करायचे, म्हणून आमच्या संशोधन संस्थेचं पर्जन्यमापक मी जयनगरच्या आमच्या गच्चीवर बसवलं. बंगळूरचा पाऊस एका गल्लीत धो धो आणि पलीकडच्या गल्लीत थेंब नाही, असा. तो टिपायला घरोघरची माणसं लागतात. रोज सकाळी साडेआठला अण्णा वर जायचे आणि आकडा मोबाईलवरून पाठवायचे. अंगात ताप असतानाही त्यांनी खाडा केला नाही.

मागच्या वर्षी एका पावसात गटाराचं पाणी घरात शिरलं. आईचं देवघर भिजलं, गाद्या गेल्या. तरी सकाळी त्या गढूळ पाण्यातून जिना गाठून अण्णांनी पाऊस मोजलाच.

महिन्याभराने त्यांनी आमच्या संस्थेचा पावसाचा नकाशा पाहिला. जयनगरसमोर त्या दिवसासाठी लिहिलं होतं, नोंद नाही.

आजूबाजूच्या मोजण्यांशी न जुळणारा आकडा चूक समजून गाळायचा, असा नियम आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो मीच लिहिलाय. टोकाच्या पावसावर संशोधन करायचं आणि पाऊस टोकाचा पडला की मोजणाऱ्यालाच खोटं पाडायचं! साहेबांकडे गेले, तर म्हणाले, "तुझ्या वडिलांसाठी पद्धत बदलायची? लोक काय म्हणतील?" मी विषय तिथेच सोडला. बढती तोंडावर होती, खोटं कशाला बोलू?

अण्णांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या मापात पाप?"

"तसं नाही हो, अण्णा."

"सरी," कानडीत नुसतं 'बरं' म्हणाले आणि पेपर उघडून बसले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा पुन्हा तसाच पाऊस झाला. सकाळी मी घरीच होते. अण्णा गच्चीवरून उतरले, पण आकडा पाठवण्याआधी त्यांनी एचएसआर लेआउटमधल्या दुसऱ्या मोजणाऱ्याला फोन लावला. त्याच्याकडे किती पडला ते विचारलं आणि मग मोबाईलवर काहीतरी टाइप केलं.

"अण्णा, आपला किती होता?"

"बराच होता," ते म्हणाले. "स्वल्प कमी केला. आता बसेल तुमच्यात."