सही माझी, हात दुसऱ्याचा

"तू पूस. तुला सवय असेल."

सरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. फार्माकोलॉजीचा तास चालू होता. सलाइनची काचेची बाटली ऋतुजाच्या हातून निसटली आणि फुटली. ती पहिल्या बाकावर. मी चौथ्या. मध्ये इतक्या जणी बसलेल्या. वर्गाच्या दारातच सफाईच्या मावशी होत्या. सरांनी मावशींना हाक मारली नाही. मागं बोट केलं, माझ्याकडे.

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, हसणारी तोंडं तरी लक्षात राहिली असती. सगळ्या खाली वह्यांत बघत राहिल्या. मी मावशींकडून फडकं आणलं, गुडघे टेकले आणि फरशी पुसली. काच बोटात गेली. सर फळ्यावर लिहीत होते. औषध शरीरात कसं शिरतं, कसं पसरतं, कसं बदलतं, कसं बाहेर पडतं. मला ते चारही टप्पे पाठ होते. मी बोट चोखत जागेवर येऊन बसले आणि पुढचं लिहून घेतलं. हो, लिहून घेतलं. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

मी काही शाळकरी पोर नव्हते. जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा करून सहा वर्षं नोकरी केलेली सिस्टर होते. पदवी हवी म्हणून शिरूरजवळच्या त्या कॉलेजात पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला आले होते. कवठे येमाईला आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे एवढं सांगितलं की कुणी आडनाव विचारत नाही. सरांना तेही विचारावं लागलं नाही. प्रवेशाच्या यादीत माझ्या नावापुढं काय लिहिलंय ते त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात मोठ्यानं वाचलं होतं.

सर डॉक्टर. दौंडला त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. आमची वॉर्डातली ड्यूटी तिथंच लागायची. शिकवणारे तेच, काम सांगणारे तेच आणि इंटर्नलचे मार्क देणारेही तेच. ऋतुजा त्यांच्या बहिणीची मुलगी. ती फोटो काढायला घालावा तसा अॅप्रन घालायची. पण पोरगी वाईट नव्हती. तिला कुणी कधी काही नीट विचारलंच नव्हतं, म्हणून तिला काही नीट येत नव्हतं.

त्या वॉर्डाची एक रीत होती. औषध कुणीही द्यायचं, चार्टवर सही मात्र त्या पाळीच्या एकाच मुलीनं करायची. दुपारी दोनला पाळी संपायची. त्याआधी चार्टांची चळत समोर यायची आणि ती मुलगी भराभर सह्या करत सुटायची. कुणी काय टोचलं, किती टोचलं, तिनं बघितलेलं नसायचं. ती मुलगी बहुतेक वेळा मीच. "तू अनुभवी आहेस," सर म्हणायचे. मला त्यात मान वाटायचा. इतकी मूर्ख होते मी.

पाटसचे एक आबा पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झाले होते. साखर फार वाढलेली. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. पहिल्या दिवशी मी पाणी दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, कुणाच्यातल्या तुम्ही?"

मी सांगितलं. आबांनी लगेच ग्लास घेतला नाही. ग्लासाकडं बघत राहिले. माझा हात तसाच पुढं. मग त्यांनी ग्लास घेतला, पाणी प्याले आणि म्हणाले, "बरं. आणखी द्या जरासं." तेव्हापासून ते वॉर्डात मलाच हाक मारायचे.

आता इन्सुलिनचं सांगते, कारण सगळं त्यावर घडलं. इन्सुलिन युनिटात मोजतात. नेहमीच्या बाटलीत एका मिलीत चाळीस युनिटं असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत एका मिलीत शंभर. तिची सिरिंज वेगळी, केशरी टोपणाची. लाल सिरिंजनं शंभरच्या बाटलीतून बारा रेघा ओढल्या तर डोळ्यांना बाराच दिसतात. अंगात तीस युनिटं जातात. आमच्या वॉर्डात केशरी सिरिंज एकही नव्हती. पण औषध कंपनीच्या माणसानं दिलेल्या शंभरच्या सॅम्पल बाटल्या सरांनी त्याच फ्रिजमध्ये, त्याच कप्प्यात ठेवून दिल्या होत्या. "फुकटच्या आहेत, आधी त्या संपवा." मी सांगायला गेले होते की सर, सिरिंजा मागवाव्या लागतील. "मला शिकवू नकोस," म्हणाले. मी गप्प बसले. ती चूक माझीही.

त्या दिवशी सव्वाबाराला ऋतुजानं आबांना इन्सुलिन दिलं. जेवणाआधीचं, बारा युनिट. सून डबा घेऊन येणार होती, तिला उशीर झाला. मी पलीकडं एका बाईचं ड्रेसिंग करत होते. पाऊण तासानं आबांची हाक आली.

"ताई... डोळ्याम्होरं अंधारतंय वो."

जाऊन बघते तर सदरा घामानं चिंब. हात थरथरतायत. जीभ जड. बोटाला सुई लावून साखर तपासली. छत्तीस. सत्तरच्या खाली गेली तरी धोका.

"ऋतुजा, कुठल्या बाटलीतनं दिलंस?"

तिनं फ्रिजकडं बोट केलं. बाटली काढून मी लेबल वाचलं. माझे अण्णा कुरकुंभला औषधाच्या कंपनीत कंत्राटावर ड्रम धुतात. सुट्टीला घरी आले की म्हणायचे, "लेबल वाचल्याबिगर कशाला बी हात लावायचा न्हाई, बाई." अण्णा चौथी शिकलेले. ऋतुजाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. शंभर. बाटलीवर शंभर लिहिलं होतं.

सरांची ऑर्डर यायची वाट बघितली नाही. आबांची शीर धरली, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, सावकाश आत सोडलं. ऋतुजाला म्हटलं, सरांना फोन लाव. तिला नंबर दाबता येईना. तोपर्यंत आबांनी मान टाकली होती. मी हाका मारत होते. आबा, आबा. ड्यूटीवर मी कधी रडले नाही, पण त्या वेळी माझा आवाज फाटला. काही मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं.

"भूक लागलीया लई," म्हणाले.

मग मीच सरांना फोन केला. सर दीड वाजता आले. आबांना तपासलं, सलाइन लावायला सांगितलं आणि मला आणि ऋतुजाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आबांचा चार्ट. इन्सुलिनच्या ओळीत सहीची जागा कोरी.

"सही कर," सर मला म्हणाले. "आणि शेऱ्यात लिही, पेशंटला जेवण उशिरा मिळालं."

"मी दिलं नाही सर."

"रोज कुठं सगळं तू देतेस? रोज करतेसच ना सही?"

हे खरं होतं. ऋतुजा हुंदके देत होती. "ताई, प्लीज. माझं लग्न ठरलंय. त्यांना कळलं तर..." सरांनी पेन माझ्यापुढं सरकवलं. आवाज एकदम मऊ केला.

"हे बघ. चौकशी झालीच तर तिच्या नावावर डाग नको. तुझ्या नावावर एखादी चूक लागली तर काय बिघडतं? तुमच्याबद्दल लोक तेच धरून चालतात."

ते मला घालूनपाडून बोलत नव्हते. समजावून सांगत होते. हिशोब पटवून द्यावा तसं. आणि मला तिथं लख्ख कळलं, मला सह्यांचा मान का मिळत होता. अनुभवासाठी नाही. कधीतरी असं काही घडणारच, तेव्हा खाली नाव कुणाचं असावं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं. मी सहा महिने स्वतःच्या हातानं त्यांना ते नाव पुरवत होते.

मी पेन उचललं. चार्ट ओढून घेतला. लिहिलं. किती वाजता, कुणी दिलं, कुठल्या बाटलीतून, कुठल्या सिरिंजनं, बाराऐवजी तीस. साखर किती उतरली, मी काय केलं. शंभरच्या बाटलीची सिरिंज वॉर्डात नव्हती आणि हे मी आधी तोंडी सांगितलं होतं, तेही लिहिलं. मग त्याच्याखाली सही केली. मोबाईलवर पानाचा फोटो काढला.

"इंटर्नल माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

"असू द्या."

एवढंच बोलले. केबिनमधून निघाले. बाहेर आबांची सून डबा धरून उभी. "ताई, काय झालं वो आबांना? कुणी धड सांगंना." मागून सर येत होते. मी थांबले नाही.

"वहिनी, आबांना इन्सुलिन अडीच पट गेलं. आमच्या हातून. आता धोका नाही, पण आजचा दिवस साखर परतपरत तपासून घ्या. मागून घ्या. लाजू नका."

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी बंद. फार्माकोलॉजीच्या इंटर्नलला नापास. लेखी पेपरला बसता आलं नाही. वर्ष वाया गेलं. वर्गातल्या मुली शिरूरच्या स्टँडवर दिसल्या की रस्ता बदलायच्या. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. आई म्हणाली, "कशाला नडलीस गं मोठ्यांना?" तिलाही मी उलट बोलले.

महिन्याभरानं कॉलेजातून निरोप आला. माफीपत्र लिहून दे, चार्टातला मजकूर गैरसमजानं लिहिला असं म्हण, पुढच्या वेळी मार्कांचं बघू. मी कागद घेतला. आबांच्या अंगात किती गेलं ते पुन्हा तारीख-वेळेसकट लिहिलं, फोटो जोडला आणि नर्सिंग कौन्सिलला रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्याची एक प्रत सरांना, हातोहात. पोचीची सही घेऊन.

आता चौकशीला बोलावणं आलं आहे. ओळखीचे वकील म्हणाले, तेवढ्या दिवसाचंच बोला, मागचं काढू नका, तुमचंच नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल. जाऊ दे. स्वतः न दिलेल्या औषधांखाली मी सहा महिने सह्या केल्यात. त्यातली कुठली बाई, कुठला म्हातारा कुणाच्या चुकीनं आणखी आजारी पडला, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. म्हणून खुर्चीवर बसल्या बसल्या सरांचं नाव घेण्याआधी मी माझं घेणार आहे. त्या सगळ्या सह्या खोट्या आहेत. त्या मी केल्या. कुणी करायला लावल्या, ते त्यानंतर सांगते.