दादा पीत नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईवडिलांना नाही — आणि आता तर तेही राहिले नाहीत. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर याही खेपेला मी खोटंच बोलले असते.

मिलिंद माझा थोरला भाऊ. परळीत त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, बारीक हाताचं काम. ऐन तिशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. तारेतून कुणी बोलतंय म्हणायचा. झोप गेली, बाबांच्या हातचं पाणी घेईना. मग जिल्ह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आवाज थांबले. खरंच थांबले. त्या गोळ्यांना मी कधी शिव्या देणार नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं — मेंदूत एक रसायन असतं, ते भलतीकडे जोर करायला लागलं की नसलेलं ऐकू येतं. गोळी त्याची वाट अडवते. पण हातपाय सुरळीत हलतात तेही त्याच रसायनावर. म्हणून कुणाचा हात कापतो, लाळ येते, चाल आखडते, जीभ जड होते. तसं दिसलं तर कळवा, डोस बदलता येतो, म्हणाले. आणि एक गोष्ट थांबून सांगितली. क्वचितच होतं, पण ताप चढून अंग लाकडासारखं ताठ झालं तर घरी बसू नका. समोर जो डॉक्टर असेल त्याला आधी या गोळीचं नाव सांगा. दादाशेजारी मीच बसले होते. मान मीच हलवली होती.

आता तुम्हीच सांगा — हात कापतोय, बोलणं जड, पाऊल अडखळतंय, असा माणूस गल्लीतून चालला तर लोक काय म्हणतात?

माझं लग्न जमत होतं. धारूरचे पाहुणे आले. दादानं पाण्याचा पेला पुढे केला आणि अर्धं पाणी सतरंजीवर सांडलं. होणारे सासरे नुसते बघत राहिले. आत त्यांच्या बहिणीनं मला विचारलं, "भावाला काय हाय गं?" मी म्हणाले, "जरा पितात." किती सहज! बाईचा चेहरा सैल झाला. "मग काय त्येचं? आमच्यात न्हाईत का पिणारे!" दारुड्याची बहीण सून म्हणून चालते. वेड्याची चालत नाही, तिच्या पोटी काय निपजेल म्हणून. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि दादा? पंचशीलातलं पाचवं शील तो मनापासून पाळायचा. थेंबाला शिवला नाही कधी. माझं बोलणं त्याच्या कानावर गेलंच. एकदाच म्हणाला, "सुजे, दुसरं कायतरी सांगायचं व्हतंस." मी हसण्यावारी नेलं. लाज वाटली नाही का? वाटली. पण लग्न जमलं होतं.

पुढे एका उन्हाळ्यात आमच्या बोअरची मोटार जळाली आणि सासऱ्यांनी दादाला बोलावून घेतलं. त्याची गोळी नुकतीच वाढवली होती. भर दुपारी काम अर्धवट टाकून तो ओसरीवर आडवा झाला. हात लावला तर अंग तव्यासारखं. कोपर वाकवून बघितलं — वाकेना. डोळे माझ्याकडे, पण ओळख नाही. घरचे म्हणाले, ऊन लागलं. मला मात्र तेव्हाच कळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का यांना?" नाव माझ्या जिभेवर होतं. मागून सासरे बोलले, "कशाच्या गोळ्या? लई पितो हो त्यो. उन्हाचं पिऊन पडला आसंल." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "पितात का?"

मी म्हणाले, "हो."

सलाईन लावलं. दादा ताठ होत गेला, लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. तिन्हीसांजेला सासरे आणि हे जेवायला घरी गेले, तेव्हा मी डॉक्टरांना गाठून गोळीचं नाव सांगितलं. मग धावपळ, गाडी, मोठा दवाखाना. तिथं त्याच्या किडन्या गेल्या, आणि मग तोही गेला. आधी कळलं असतं तर वाचला असता का? सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दुपारपासून संध्याकाळपर्यंतचा तो वेळ मी माझ्या संसारासाठी त्याच्याकडून काढून घेतला, एवढं मला सांगता येतं.

आईबाबांना वाटलं, गोळी बाधली. सासरी सगळे म्हणाले, दारूनं गेला. दोन्हीकडे मी पदर डोळ्यांना लावून बसले. रडू खरं होतं.

परवा माझा मुलगा शिकायला पुण्याला निघाला. हे त्याला म्हणाले, "मामासारखं करू नगंस. हुशार मानूस, पण बाटलीनं खाल्ला." पोरगा म्हणाला, "म्हाईतंय पप्पा. मला तर त्यांची कीव बी येत न्हाई."

मी त्याच्यासाठी डब्यात चटणी भरत होते. भरून झाली. झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "पप्पांचं ऐक."