कानसेनची ट्रायल

गॅरेजमध्ये त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तो सगळ्यांचा कानसेन होता. गाडी फाटकातून आत वळायची आणि हा दुसऱ्याच गाडीच्या पोटाखालून, मान बाहेर न काढता सांगायचा, की वळताना कटकट करतेय, डाव्या चाकाचा एक्सेल गेलाय तिचा. मालक अजून दार उघडून खाली उतरलेलाही नसायचा. काहींना ही जादू वाटायची, काहींना आगाऊपणा. पण खोलून बघितलं की तेच निघायचं, त्यामुळे वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

वडिलांच्या मागे गॅरेज दोघा भावंडांकडे आलं होतं. एक लांबट शेड, गाडी वर उचलणारी लिफ्ट, मागच्या भिंतीवर पाने टांगायची फळी, कोपऱ्यात टायरांची चळत आणि पुढे काचेच्या दाराची एक लहानशी खोली. ती खोली धाकट्या बहिणीची. घरात ती चिमी, पण गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, अगदी वडिलांच्या वयाचीसुद्धा. गाड्यांच्या वायरिंगचं रीतसर शिक्षण घेऊन आली होती ती. नव्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आले, डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागायला लागले, तेव्हा स्कॅनर तिनेच आणला. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याची पिन खोचायची आणि पडद्यावर गाडीची तक्रार वाचायची.

कामं आपसूक वाटली गेली होती. एखादी गाडी थरथरत आली, की स्कॅनर सांगायचा, तिसरा सिलिंडर नीट पेटत नाहीये. का पेटत नाही, हे मात्र तो सांगत नसे. मग चिमी तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल दुसऱ्याला लावायची आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. तक्रार कॉइलबरोबर सरकली तर कॉइल बाद, जागच्या जागी राहिली तर प्लग बघायचा, मग इंजेक्टर. हे डोकं तिचं. पण जिच्यात दिवाच लागत नाही, स्कॅनर सगळं आलबेल म्हणतो आणि तरी मालक म्हणतो काहीतरी वाजतंय, ती गाडी दादाची. तो ट्रायलला निघायचा, काचा खाली घ्यायचा, रेडिओ बंद करायचा आणि शेजारी बसलेल्या मालकालाही गप्प बसवायचा.

एका सकाळी बालवाडीच्या बाई आल्या. त्यांची गाडी याच गॅरेजला यायची. हळू चालवताना चीं चीं असा बारीक आवाज येतो आणि ब्रेकवर पाय ठेवला की थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कानसेनने त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी शाळेच्या लांबलचक कंपाउंडच्या कडेने नेली. भिंतीवर आपटून परत आलेला आवाज जास्त स्वच्छ कळतो, ही त्याची जुनी युक्ती. बाई म्हणाल्या, आत्ता येतोय बघा. त्याने कान बाहेर काढला. इंजिन गुरगुरत होतं, टायर सरसरत होते. बाकी काही नव्हतं.

"बाई, गाडी शांत आहे तुमची," तो म्हणाला. "थोडी धूळ गेली असेल, जाईल निघून."

बाईंना ते पटलं नव्हतं. पण कानसेननेच सांगितल्यावर पुढे काय बोलायचं?

काही आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा गाडी करकरत होती, दगडावर पत्रा ओढल्यासारखी. हे त्यालाही ऐकू आलं. उतारावर पुढची बस अचानक थांबली होती. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण बसच्या मागच्या काचेतली माणसं ओळखता येतील इतकी जवळ जाऊन. मागच्या सीटवर शेजाऱ्यांची मुलं होती. बाईंनी आवाज चढवला नाही. जे झालं ते सांगितलं आणि किल्ली चिमीच्या हातात दिली, त्याच्या नाही.

चिमीने चाक उतरवलं. ब्रेक पॅड पार झिजून नुसतं लोखंड उरलं होतं आणि त्याने डिस्कवर खोल चरे पाडले होते. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासते आणि मुद्दाम किंचाळते, वेळेवर बदला म्हणून. ही जीभ घासून घासून आरशासारखी चकाकत होती.

"दादा, ही तर गल्लीभर ओरडत असणार," चिमी म्हणाली. "तुला नाही ऐकू आली?"

"तेव्हा वाजत नव्हती."

 दुपारी तो पाठमोरा बसून नट साफ करत होता, तेव्हा ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि स्कॅनरचा बारीक पिंग वाजवला. पुन्हा वाजवला. तो ढिम्म हलला नाही. पलीकडच्या शेडमधला वेल्डर मात्र काय झालं म्हणून वळून बघायला लागला.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनीला यात नवीन काही वाटलं नाही. वॉशिंग मशीन काम संपल्यावर शिट्टी वाजवतं, ती यांना कित्येक दिवसांत ऐकू आलेली नाही. नातीचा फोन आला की हे हो हो करतात आणि फोन ठेवल्यावर विचारतात, काय म्हणाली गं? "मला आपलं वाटायचं, संसारात मुरलेत," वहिनी म्हणाली. "नको तेवढं ऐकायचं नाही, असं ठरवलंय यांनी."

दोघींनी मिळून विषय काढला तेव्हा तो चिडला. माझे कान बघायला निघालात, चाळीस पावलांवरून बेअरिंग ओळखणारा माणूस मी, वगैरे बरंच बोलला. मग दोन दिवस गॅरेजकडे फिरकला नाही. घरी बसून कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घालत राहिला. तिसऱ्या दिवशी चपला घातल्या आणि बायकोला म्हणाला, चल, कुठे जायचं म्हणत होतीस.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. त्याने इमानदारीने दाबलं. तरी मधे मधे खूप वेळ नुसतीच शांतता होती, आणि त्या शांततेत काहीतरी वाजत असणार, हे काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंची बोटं बघत बसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. कागदाच्या डाव्या बाजूला ती ठीकठाक होती आणि उजवीकडे कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले. हातोडा आणि हवेवर चालणारी नट खोलायची मशीन, यांच्यात आयुष्य गेलं की असं होतं, आणि ते हळूहळू जातं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, असं त्या म्हणाल्या. त्याने एवढंच विचारलं, परत येतील का? त्या म्हणाल्या, नाही, पण यंत्र लावता येईल.

यंत्र लावलं आणि उलटाच घोळ झाला. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाडल्यासारखं वाटायचं. गॅरेजमध्ये तर सगळ्याच गाड्या आजारी. एका नव्याकोऱ्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने मालकाला सांगितलं, की टॅपेट सैल झालेत, इंजिन खोलावं लागेल. मालकाचा चेहरा पडला. चिमीने दादाला बाजूला घेऊन समजावलं, की या इंजिनात इंजेक्टर टकटक करतातच, ती त्यांची चाल आहे, त्यात बिघाड काही नाही. हा आवाज त्याने आजवर कधी ऐकलाच नव्हता. आधी असलेला दोष त्याला ऐकू येत नव्हता, आता नसलेला ऐकू येत होता.

त्या दिवसापासून तो निदान करायचा बंद झाला. ऑइल बदलायचा, फिल्टर झटकायचा, टायर फिरवायचा. गिऱ्हाईक काही विचारायला आलं, की हनुवटीने काचेच्या खोलीकडे खूण करायचा. गप्प गप्प जेवायचा. बायको म्हणायची, यंत्र कानात असून उपयोग काय, आता तोंडाला यंत्र लावायची वेळ आलीय.

याच दिवसांत बालवाडीच्या बाई आल्या. नवे पॅड, नव्या डिस्क बसवून झाल्या होत्या, तरी एकदा बघून घेऊ म्हणून चिमीनेच बोलावलं होतं. चिमीने ब्रेक तपासले. तोवर कानसेन हात पुसत त्यांच्यापाशी आला. कानातलं यंत्र त्यांना दिसेल असा उभा राहिला.

"तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात तो आवाज," त्याने विचारलं, "नेमका कसा होता? जरा काढून दाखवता का?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पण सकाळभर मुलांसमोर रेल्वेपासून बेडकापर्यंत सगळे आवाज काढणारी बाई ती. त्यांनी ओठ ताणले आणि चींऽऽऽ चींऽऽऽ करून दाखवलं, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा, अगदी तालात, वर ब्रेक दाबल्यासारखं पाऊल आपटून मधेच थांबल्या. माणसाच्या गळ्यातून आल्यामुळे तो आवाज थोडा जाड झाला होता, आणि तो त्याला स्पष्ट ऐकू आला. फेऱ्याला एकदा वाजणारं आणि ब्रेकला थांबणारं. पॅडच्या जिभेशिवाय यात दुसरं काही असूच शकत नव्हतं.

"तेव्हाच विचारायला हवं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "मी नुसतं गप्प बसवलं."

"मग आता आणखी एक विचारा," बाई म्हणाल्या. "गतिरोधकावरून जाताना खालून कोणीतरी दार ठोठावल्यासारखं होतं. टक्-टक्. असं, दोनदा."

एकच बाजू आधी वर चढली की जास्त का, त्याने विचारलं. बाईंनी आठवून हो म्हटलं. त्याने गाडी वर घ्यायला लावली, चाकामागे हात घातला आणि डाव्या-उजव्या चाकांना सांधणाऱ्या दांडीचा लिंक रॉड धरून हलवला. सांधा बोटांखाली खुळखुळला. ऐकायची गरजच नव्हती. हात तिथेच ठेवून त्याने पाना मागितला. 

तेव्हापासून गॅरेजची रीत बदलली. गिऱ्हाईक आलं की कानसेन त्याला स्टुलावर बसवतो आणि आवाज काढून दाखवायला सांगतो. कोर्टातले वकीलसाहेब आधी आढेवेढे घेतात, मग भुंग्यासारखे घूं करतात. वेग वाढला की वाढतो का, उजवीकडे वळलं की वाढतो का, असं विचारत विचारत तो चाकापर्यंत पोचतो. मग चाक हाताने फिरवतो, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवतो, आणि बेअरिंगमध्ये वाळूसारखी कचकच तळव्याला लागली की मान डोलावतो. यंत्राचे आवाजही आता अंगवळणी पडलेत, पण एकट्या त्यांच्या भरवशावर तो कुठली गाडी सोडत नाही.

ट्रायलला मात्र तो एकटा जात नाही. ही चिमीची अट. कामाच्या गर्दीत तिला वेळ नसला की वहिनी येते. शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसते आणि ऐकू येईल ते सांगते, तिच्या भाषेत. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं, म्हातारं माणूस खुर्चीतून उठल्यासारखं. त्याला तेवढं पुरतं.

परवा अशीच एक गाडी घेऊन दोघं शाळेच्या भिंतीकडेने निघाली होती. काही ऐकू येतंय का, त्याने विचारलं. तिने काच खाली केली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगली चाललीय. जरा लांबून घ्या ना, वारा छान आहे."

त्याने पुढच्या वळणाला गाडी परत फिरवली नाही. सरळ घेतली.