एडक्याचा सोबती

परळी तालुक्यातल्या आमच्या गावात मेंढीपालनाची सहकारी संस्था होती. संस्थेचा पैदाशीचा एडका एकच, सरकारी फार्मातून आणलेला, आखूड मानेचा आणि दांडगा. आमच्या गोठ्याला दगडी भिंत होती आणि मी दहावी शिकलेला, म्हणून तो सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. सभेचं इतिवृत्तही मीच लिहायचो. अक्षर चांगलं होतं.

आषाढ-श्रावणात एडका मेंढ्यांत सोडायचा आणि भादव्यात काढून घ्यायचा, असा नियम होता. नाहीतर भर उन्हाळ्यात कोकरं जन्मतात, तेव्हा मेंढीला दूध नसतं आणि रानात काडी नसते. पण काढलेला एडका एकटा राहत नाही. म्हणून शेजारच्या मामींनी त्यांचा बडवलेला, म्हणजे खच्ची केलेला, मेंढा सोबतीला दिला. मामी विधवा होत्या, जन्म मेंढरांत गेलेला. संस्थेच्या पाच कोवळ्या मेंढ्या त्यांच्याच पत्र्याच्या शेडात असत. मेंढा देताना म्हणाल्या, "ह्यांची जोडी तोडू नको बाबा. एकटं जनावर खंगतंय."

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. चारा छावणीत गाई-बैल घेत, मेंढरं घेत नसत. कार्तिकात कडबा संपत आला तसा मी मामींचा मेंढा परत नेऊन बांधला. "तुमचा मेंढा लई खातो," असं म्हणालो. खातो तेवढंच खात होता बिचारा.

एडका दोन दिवस ओरडला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं कडब्याला तोंड लावलं नाही आणि भिंतीला धडका द्यायला लागला. शिंगाच्या बुडातून रक्त आलं. तो मेला तर गाव मला काय म्हणेल, या भीतीनं माझी झोप गेली. मामींकडं जाऊन मेंढा परत मागायचा, एवढं सोपं होतं. पण मीच नेऊन दिलेला मेंढा मागायला तोंड होत नव्हतं.

एके दुपारी मामी टँकरच्या रांगेत गेल्या होत्या. मी त्यांच्या शेडाची कडी काढली आणि एडक्याला त्या पाच मेंढ्यांत सोडलं. मेंढ्या अजून लहान आहेत, काही होत नाही, अशी मनाची समजूत घातली. तो लगेच गप्प झाला. त्यांच्या गव्हाणीतला पाला खाऊ लागला. तासाभरानं त्याला बाहेर काढलं आणि कडी पुन्हा लावली. असं मी चार दुपारी केलं. पाचव्या दिवशी तो आपोआप निवला, तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

चैत्रात त्या मेंढ्यांची पोटं दिसायला लागली. तीन गाभण होत्या. वैशाखात पहिली अडली, तेव्हा मामींनी मलाच हाक मारली. मी मेंढीचे पाय धरले, मामींनी कोकरू ओढून काढलं. कोकरू मेलेलं होतं, मेंढीही संध्याकाळपर्यंत गेली. बाकी दोघी वाचल्या, पण त्यांना दूध उतरलं नाही. शेळीचं दूध बाटलीनं पाजत मामी त्या कोकरांपाशी बसून राहायच्या. आठवड्याच्या आत तीही गेली.

सभा भरली. अध्यक्षांनी विचारलं, "एडका तिथं गेला कसा?"

मी म्हणालो, "त्यानं एकदा दावं तोडलं होतं. मामींच्या शेडाचं दार उघडं असंल."

अध्यक्ष मामींकडं वळले. "कडी लावली नव्हती का?"

मामींनी आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "लावतेच मी. पर ऱ्हायली असंल. आता ध्यानात ऱ्हात न्हाई."

इतिवृत्तात मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'निष्काळजीपणामुळे नुकसान.' संस्थेनं उरलेल्या मेंढ्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी स्वतःचीही मेंढरं भावाकडं लावून दिली. कुणी विचारलं की सांगायच्या, "माजं डोकं चालंना. मुका जीव माज्या भरवशावर कसा ठेवावा?"

मला अंबाजोगाईला नोकरी लागली. गावी गेलो की मी मामींच्या दारावरून जायचं टाळायचो. अकरा वर्षांनी एकदा गेलो. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, सून आत स्वयंपाक करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी कडी मी लावली व्हती?"

"हो मामी."

"चारी रोज?"

"चारी रोज. मीच काढली."

त्यांनी आत बघून सुनेला हाक मारली. "ऐकलंस का? मी इसरले न्हवते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आरं, मी किती वर्सं सोताला येडी समजत आले." शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दिली नाही, आणि माफही केलं नाही. पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

संस्था तोवर बंद पडली होती, त्यामुळं सभेत सांगायची सोय राहिली नव्हती. मी माजी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "जाऊ दे की आता. म्हातारीला काय फरक पडतो?" तरी मी पारावर बसलेल्या सात-आठ माणसांपुढं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकानं तंबाखू मळत विचारलं, "मग इतकी वर्सं काय करत व्हतास रं?"

मी पारावरून उठलो आणि मामींच्या दारावरूनच एसटीच्या थांब्याकडं निघालो.