द्वारपालाचा खांदा

"खांदा बघ रे, खांदा!" असं म्हणत ताई स्वतःच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टकटक आपटायच्या. स्क्रीनवर आपण एखाद्या राक्षसाच्या हातून मार खात असायचो आणि ताई चहाचा कप घेऊन आपल्या मागून चाललेल्या असायच्या. थांबायच्या नाहीत. खांद्यावर टकटक, हे एवढं वाक्य, आणि पुढे. मागून येणारा सल्ला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडायचा नाही. पण तो ऐकला की पुढचा वार हमखास चुकवता यायचा, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

फतेगंजात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही गेम बनवतो. तुमच्या घरात कुणी तरुण माणूस असेल तर ही जात तुम्ही पाहिली असेल: हातात तलवार, समोर आपल्या तिप्पट उंचीचा शत्रू, दोन फटक्यांत आपण गारद, आणि मग पुन्हा मागून सुरुवात. हा अपमान माणसं हौसेनं का करून घेतात, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. ताईंचं काम हा अपमान नीट बेतण्याचं होतं. कुठला शत्रू किती जोरात मारेल, मारण्याआधी किती इशारा देईल, आपल्याला निसटायला किती फट मिळेल, हे त्या ठरवायच्या. मी प्रोग्रॅमर. त्या ठरवतील ते कॉम्प्युटरकडून करून घेणं माझ्याकडे.

ताई पन्नाशीच्या. तरसालीहून स्कूटरवर यायच्या, हेल्मेट टेबलावर ठेवायच्या आणि पहिलं वाक्य गुजरातीत, दुसरं मराठीत, तिसरं कुणावर चिडल्या असतील तर हिंदीत बोलायच्या. ऑफिसातले निम्मे त्यांना बेन म्हणत, आम्ही ताई. आधी त्या मोबाइलवरचे पत्त्यांचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होत्या. तिथे खेळणारा हरायचा आणि का हरला ते त्याला कधीच कळायचं नाही. ते मुद्दामच तसं बेतलेलं असायचं. ताईंनी ती नोकरी सोडली ती याच कारणासाठी, आणि तो राग त्यांनी आमच्याकडे बरोबर आणला.

"हरवायचं. बेशक हरवायचं. पण फसवायचं नाही," असं त्या प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायच्या. त्यांची परीक्षा सोपी होती. खेळणारा मेल्यावर तोंडातून काय काढतो ते ऐकायचं. त्यानं गेमला शिवी दिली तर आपण नापास. "हात्तेरी, माझीच चूक," असं म्हणाला तर पास. त्यासाठी त्या माणसांच्या खुर्च्यांमागे कान टवकारून उभ्या राहायच्या आणि पास झालो की स्वतःशीच खूश व्हायच्या.

ही सगळी अक्कल खो-खोतली. कॉलेजात ताई खो-खो खेळायच्या, आणि चांगल्या खेळायच्या, असं त्या स्वतःच सांगत. खो-खोत पाठलाग करणारी एकदा एका बाजूला निघाली की तिनं त्याच दिशेनं खांबापर्यंत जायचं. मध्येच खांदा मागे फिरवला की फाऊल. त्यामुळे पळणारीची नजर तिच्या खांद्यावर. ताईंनी हाच नियम आमच्या राक्षसांना लावला. हात उचलला की उचलला, मग समोरचा निसटला तरी दिशा बदलायची नाही. दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये एखादा राक्षस वार करता करता गर्रकन वळला की ताई भर ऑफिसात ओरडायच्या, "फाऊल! फाऊल आहे हा!" खालच्या दवाखान्यातून एकदा कंपाउंडर वर बघायला आला होता.

आमच्या गेमचा शेवटचा शत्रू म्हणजे द्वारपाल. हातात गदा, अंगभर चिलखत. तो पडला की किल्ल्याचं दार उघडतं. हे ताईंचं लाडकं लेकरू. आणि गंमत अशी की आमच्यापैकी प्रत्येकानं त्याला पाडलं होतं, ताईंना मात्र तो कधीच पाडता आला नव्हता. कित्येक महिने त्या रोज जेवणानंतर बसायच्या आणि रोज मरायच्या. आम्ही चिडवायचो. "ताई, आता भजनी मंडळात नाव घाला," मी एकदा म्हणालो. त्या हसल्या. "अरे, माझीच चूक आहे. बोटं हळू झालीत. पण म्हणून त्याला कमजोर करायचा नाही हां." स्वतःला सोपं जावं म्हणून द्वारपालाच्या केसालाही त्यांनी धक्का लावला नाही.

मग बेंगळुरूहून निरोप आला. ज्या कंपनीच्या जिवावर आमचा गेम चालला होता, तिथल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की त्यांच्याकडच्या एकालाही द्वारपाल पडत नाही. त्याची ताकद आणि आयुष्य, दोन्ही अर्धं करा.

"बेंगळुरूवाल्यांची बोटं मऊ," असं आम्ही कॉल संपल्यावर म्हणालो. कॉलवर असताना ताई म्हणाल्या, "मॅडम, अर्धा द्वारपाल मी करणार नाही. तो करायचा असेल तर दुसरी कुणीतरी बघा." बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या शहरात एका हॉलमध्ये खेळायला ठेवा. कुणीही येऊ दे. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या एका माणसानं जरी त्याला पाडलं, तरी तो राहील तसाच. नाही पाडलं तर अर्धा." ताई एका क्षणात हो म्हणाल्या. नोकरी पणाला लावताना माणूस निदान पाणी तरी पितो.

त्याच आठवड्यात मी एक मोठं काम केलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. द्वारपाल गदा उचलायला लागला की धूळ, ठिणग्या आणि आवाज, सगळं एकदम यायचं आणि आमच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर क्षणभर अडकायचे. एक बारीकसा गचका बसायचा. मी ते सगळं सामान आधीच भरून ठेवायची सोय केली आणि गचका गेला. गेम लोण्यासारखा चालायला लागला. शाबासकीच्या अपेक्षेनं मी सगळ्यांना खेळायला बसवलं.

एकालाही द्वारपाल पडेना.

सगळे माझ्यावर उलटले. मी गुपचूप त्याची ताकद वाढवली, असा आरोप झाला. मी आईची शपथ घेतली. स्वतः बसलो आणि पहिल्याच गदेत आडवा झालो. ज्याला मी डोळे मिटून पाडायचो तो मला उभंही राहू देत नव्हता. ताई खुर्ची वळवून बघत होत्या. "आलात का माझ्या पंगतीला? बसा, बसा," त्या म्हणाल्या. पण चेष्टा त्यांच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकली नाही. मला म्हणाल्या, "जुना गेम परत लाव. आणि तुझा फोन दे."

त्यांनी मला जुन्या गेमवर खेळायला लावलं आणि फोनवर माझा अंगठा आणि स्क्रीन एकाच चौकटीत टिपली. मग ते चित्रण हळू करून दाखवलं. गदा हललीही नव्हती आणि माझा अंगठा बटणावर गेलेला होता. त्याच्या बरोबर आधी स्क्रीन क्षणभर थिजली होती. दुसऱ्याला बसवलं, तिसऱ्याला बसवलं. तेच.

"तुम्ही द्वारपालाला चुकवतच नव्हता," ताई म्हणाल्या. "तुम्ही गचक्याला चुकवत होता."

ताईंचा कॉम्प्युटर आमच्यात सगळ्यात नवा. तो कधी अडकायचाच नाही. बेंगळुरूचेही तसेच. म्हणजे इतके महिने ज्याला गचका मिळत होता तो जिंकत होता, आणि ज्याला मिळत नव्हता त्याला इशाराच मिळत नव्हता. ताईंना ते आमच्याआधी कळलं. त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रोज माझीच चूक म्हणत होते रे मी. माझ्याच गेमनं मला फसवलं." भजनी मंडळाचं आठवून मला फार वाईट वाटलं.

पण बसून राहणं हा ताईंचा स्वभाव नव्हता. "बेंगळुरूच्या बाईंची तक्रार खरी आहे," त्या उठत म्हणाल्या. "औषध चुकीचं आहे. त्याला अर्धा करून काय होणार? तो अर्ध्या जोरानं फसवेल." मग त्या द्वारपालासमोर उभ्या राहिल्या आणि त्याला गदा उचलायला लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "अरे, याचा खांदाच दिसत नाही!"

खरंच दिसत नव्हता. द्वारपालाच्या उजव्या खांद्यावर चित्रं करणाऱ्या आमच्या हेतलनं एक देखणं चिलखत चढवलं होतं. त्यावर मोर कोरलेला, एकेक पीस वेगळं. गदा उचलण्याआधी खांदा आधी खाली जायचा, मग वर यायचा. ते सगळं मोराच्या आड घडत होतं.

"हे काढ," ताई म्हणाल्या.

"ताई, मारो मोर! माझा मोर!" हेतल जवळजवळ रडायला आली. मोरावर तिनं जीव ओतला होता.

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मोर पाठीवर ने त्याच्या. जो त्याला चुकवून मागे पोचेल त्यालाच दिसेल. एवढा सुंदर मोर फुकटात कशाला दाखवायचा?" हेतलनं नाक ओढलं, विचार केला, आणि कामाला बसली.

उघड्या खांद्याचा द्वारपाल तयार झाला तेव्हा पहिल्यांदा ताई बसल्या. आम्ही भोवती. ताकद तीच, आयुष्य तेच, गचका नाही. त्या हरल्या. पुन्हा हरल्या, पण या वेळी त्या हरताना मान डोलावत होत्या. आणि मग खालून मागवलेली सेव-उसळ निवायच्या आत द्वारपाल गुडघ्यावर आला, पुढे झुकला आणि कोसळला. ताईंनी कंट्रोलर छातीशी धरला आणि डोळे पुसले. मी त्या दिवशी जेवढा ओरडलो तेवढा क्रिकेट बघतानाही ओरडलेलो नाही. बेंगळुरूला लगेच कळवलं. उत्तर आलं, "अभिनंदन. पण तो तुम्हीच बनवलेला आहे. मला बाहेरचा माणूस हवा."

हॉल फतेगंजातल्याच एका कॉलेजचा. बाई स्वतः आल्या होत्या, संध्याकाळची परतीची गाडी धरायची म्हणून बॅग घेऊनच. सकाळपासून रांग लागली. माणसं बसत होती, मरत होती, हसत उठत होती. दुपार सरली तरी द्वारपाल उभाच. बाई मधूनमधून घड्याळ बघत होत्या. मी डबा उघडलाच नव्हता. ताईंना मात्र भूक लागली होती. "ऐक ना तू," त्या मला म्हणाल्या, "सकाळपासून एकानंही गेमला शिवी दिलेली नाही."

मग मकरपुऱ्यातल्या कुठल्याशा कारखान्याचा गणवेश घातलेला एक गृहस्थ बसला. मुलीला न्यायला आला होता आणि तिचा तास सुटायचा होता. असा गेम त्यानं कधी हातात धरला नव्हता. मेला. "ना, मारी ज भूल," तो स्वतःशीच पुटपुटला, म्हणजे माझीच चूक. ताईंनी माझं मनगट धरलं. तो पुन्हा मेला, मान हलवली, पुढे सरकून बसला. गदा वर जायच्या आधी त्याचे डोळे कुठे आहेत ते मला दिसलं. तो खांदा बघत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बघत होता.

त्याची मुलगी येऊन मागे उभी राहिली, रांग मोडून लोक भोवती जमले. एकदा तो लोळत द्वारपालाच्या मागे पोचला आणि म्हणाला, "अरे, मोर!" हेतलनं तोंडावर हात दाबला. मोर बघण्याच्या नादात तो मेला आणि सगळा हॉल हळहळला. पण आता त्याला वाट सापडली होती. पुढच्या खेपेला तो घाईच करेना. खांदा, निसटणं, एक घाव. खांदा, निसटणं, एक घाव. द्वारपाल गुडघ्यावर आला, आणि तो कोसळला तेव्हा जो आवाज झाला त्यानं कॉलेजचा शिपाई धावत आला. त्या गृहस्थानं दोन्ही हात वर केले. मुलगी त्याच्या गळ्यात पडली. ताई आणि मी एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो. वयाचा विचार तेव्हा दोघांनीही केला नाही.

आता ताई हैदराबादला असतात, मोठ्या कंपनीत, हाताखाली भरपूर माणसं. आमच्या गेमचं पुढे चांगलं झालं आणि त्यांना बोलावणं आलं. जाऊ नका म्हणायला आमची जीभ रेटली नाही. त्यांची आठवण निघाली की बाकीचे त्या आरोळीबद्दल बोलतात. मला त्यानंतरचं आठवतं.

बेंगळुरूच्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. राहील तो तसाच." ताईंनी आभार मानले नाहीत. खुर्ची ओढली आणि कंट्रोलर पुढे केला. "बसा की, मॅडम. आलाच आहात."

बाई उभ्या उभ्याच खेळायला लागल्या, बॅग खांद्याला तशीच. लगेच मेल्या. मग बसल्या. मग बॅग खाली ठेवली. रिक्षावाला दारात येऊन स्टेशनला निघायचं म्हणाला, बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. थोड्या वेळानं तोही आत येऊन उभा राहिला. हॉल रिकामा झाला, हेतल वायरी गुंडाळायला लागली, गाडीची वेळ झाली आणि टळलीही. "वन मोअर," बाई म्हणत होत्या, मान वर न करता. ताई त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि खांदा बघा असंही सांगत नव्हत्या.