कच्च्या तारखा

कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हे शेठनी कुणालाच विचारलं नाही. कोणता प्रोग्राम घ्यायचा एवढंच विचारलं, आणि तेही मला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या मंगल कार्यालयात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी एकटीच होते. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी सत्तावीस वर्षांची होते. टायपिंग आणि फोन हे माझं काम, आणि समोरच्या टेबलावर बसणाऱ्या माणसावर माझा वर्षभरापासून संशय होता.

ते आमचे मॅनेजर. सगळे त्यांना काका म्हणत, शेठसुद्धा. कारण शेठच्या वडिलांनी त्यांना ठेवलं होतं. कार्यालयाच्या सगळ्या तारखा काकांच्या एका लांबट रजिस्टरात असत. पक्की तारीख शाईने, कच्ची तारीख पेन्सिलीने. मुलगी पसंत पडलीय, पण सुपारी फुटायचीय, याद्या व्हायच्यात, अशा वेळी लोक येऊन म्हणत, "काका, तेवढी तारीख धरून ठेवा." काका पेन्सिलीने नाव लिहीत. जमलं की त्यावरूनच शाई फिरवत, मोडलं तर खोडरबर. शहरातल्या माणसाला ते आठ दिवस देत. नवव्या दिवशी फोन करून विचारत, नाहीतर पुसत.

पण काही पेन्सिली महिनोन्‌महिने पुसल्या जात नसत. सुरगाणा, पेठ, त्या डोंगराकडच्या लोकांच्या. मुलगा सातपूरला कंपनीत लागलेला, त्याच्या घरच्यांना लग्न नाशकातच हवं, म्हणून मुलीचा बाप आमच्या मागच्या छोट्या हॉलसाठी यायचा. आला की काकांच्या टेबलाशी खाली मान घालून कुजबुजायचा. जाताना नागलीची नाहीतर तांदळाची पिशवी टेबलाखाली ठेवून जायचा. मी फोन कानाला लावून सगळं बघायचे. एप्रिल-मेच्या भर मुहूर्ताच्या तारखा, ज्यांच्यासाठी इथले व्यापारी हातापाया पडत, त्या पेन्सिलीत अडकून पडलेल्या. रजिस्टर संध्याकाळी कापडी पिशवीतून काकांच्या घरी. हे सरळ असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

शेठचाही कुणावर विश्वास नव्हता. ते वेगळ्याच कारणाने कॉम्प्युटर घेत होते. "मला मुंबईहून फोन केल्यावर कळलं पाहिजे, कोणती तारीख कुणी लिहिली. माणसं काय, गोड बोलतात."

प्रोग्राम विकायला दोघे आले. पहिला मुंबईच्या कंपनीचा, टाय लावलेला. त्याच्या पडद्यावर अख्खं वर्ष एका नजरेत दिसे. रिकामी तारीख हिरवी, घेतलेली लाल. आचारी, डेकोरेशनवाला, बँड, भटजी, सगळ्यांच्या नोंदी त्या तारखेखाली उघडत. बटण दाबलं की छापील पावती.

काका चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. "छान आहे. आणि पेन्सिलीचं काय?"

"म्हणजे, सर?"

"धरून ठेवलेली तारीख. ना लाल, ना हिरवी."

तो हसला. "सर, आमच्या सिस्टीममध्ये एकतर बुकिंग असतं, नाहीतर नसतं."

"मग तुमच्या मुंबईत लग्नं एका दिवसात जमतात वाटतं," काका म्हणाले. शेठ हसले. मी हसले नाही.

दुसरा कॉलेज रोडवरचा, स्वतःच प्रोग्राम लिहिणारा. चुरगळलेला शर्ट, मशीन दोनदा बंद पडलं. पण काकांनी तोच प्रश्न विचारल्यावर त्याने वहीत लिहून घेतलं. "पिवळा रंग ठेवू. पिवळी तारीख कुणी धरली, कधी धरली, तेही दिसेल. पंधरा दिवस द्या मला."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हा ऐकून घेतो गं."

शेठनी मला दोन पानी मत लिहायला सांगितलं होतं. मी मुंबईची कंपनी सुचवली. वेगवान आहे, पावती छापते, बिघडलं तर माणूस येतो. सगळी कारणं खरी होती. खरं कारण मात्र लिहिलं नाही. त्या प्रोग्रामात पेन्सिल नव्हती. काकांचा खेळ बंद करायला मला तेच हवं होतं. आज विचार करते तर पिवळ्या रंगात कुणी धरली, कधी धरली हे दिसणार होतं. काकांना रंगेहाथ पकडायचंच होतं तर मी तो प्रोग्राम मागायला हवा होता. माझ्या संशयाला पुरावा नको होता, फक्त शिक्षा हवी होती.

जानेवारीत मशीन बसलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "कन्फर्म एन्ट्र्या तेवढ्या भरा." त्याच आठवड्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते आठ दिवस रजेवर गेले. जाताना रजिस्टर माझ्या हातात दिलं. "सगळं उतरव. पेन्सिलीचंही. त्याला लालच कर, मी आल्यावर बघू."

मी शाईचं सगळं उतरवलं. पेन्सिलीची अकरा नावं होती. ती भरली नाहीत.

मला वाटलं होतं, ज्यांच्या तारखा जातील ते बोंबलत येतील, काकांना काय काय दिलं ते शेठसमोर ओकतील. सापळा लावल्याचा मला आनंद होता. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी काकांचा ड्रॉवरही उघडला. आत पोस्टकार्डांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा होता. एका कार्डावर कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: मुलगी पसंत आहे, एप्रिलची तारीख धरून ठेवा, आम्ही द्राक्षबागांवर मजुरीला आहोत, सुपारी फोडून मग येतो, येताना तुम्हाला नागली आणतो. मी 'नागली' हा शब्द दोनदा वाचला आणि गठ्ठा माझ्या कपाटात ठेवला. वेळ आली की दाखवायचा म्हणून.

त्याच दुपारी द्वारकेच्या एका दुकानदाराला मागचा हॉल हवा होता, पुतणीच्या लग्नाला. पडद्यावर तीच एप्रिलची तारीख हिरवीगार. मी बटण दाबलं. पावती छापून निघाली.

काका परत आले. डोळ्याला हिरवा चष्मा. "सगळं उतरवलंस?"

"हो."

ते कॉम्प्युटरला हात लावत नसत. रजिस्टर शेठनी कपाटात बंद करवलं. बाकीच्या दहा नावांपैकी काहींचं मोडलं, काहींच्या तारखा योगायोगाने रिकाम्या राहिल्या. उरली ती एक.

मार्चच्या शेवटी मुलीचा बाप आला. पायात टायरच्या चपला, हातात छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. त्यावर आमच्या कार्यालयाचं नाव, पत्ता, सगळं. शेठ नेमके तिथेच होते. मी पडद्यावर बघून म्हणाले, "ही तारीख दुसऱ्यांची आहे."

"असं कसं, ताई? काकानं लिवून ठेवलंय ना. पत्रिका वाटाया बी घेतल्या."

काकांनी कपाट उघडायला लावलं. रजिस्टरात पेन्सिलीचं नाव होतं, ठळक. त्यांनी ते शेठपुढे धरलं. शेठनी ते नाव बघितलं, मग काकांकडे बघितलं.

"पेन्सिलीचं काय, काका. कधीही लिहिता येतं."

इतकी वर्षं काकांनी शेठच्या घराण्याचं कार्यालय सांभाळलं होतं. ते माझ्याकडे वळले. "तू उतरवलंस तेव्हा होतं ना गं हे?"

"पुसट असेल," मी म्हणाले. "मला दिसलं नाही."

"पुसट?"



"थांबा," ते म्हणाले. "यांचं कार्ड आलं होतं. पोस्टाचा शिक्का आहे त्यावर." ड्रॉवर उघडला. सगळे कागद बाहेर काढले, आत हात घालून चाचपून बघितलं. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून ड्रॉवरच उपसून टेबलावर पालथा केला. गठ्ठा माझ्या कपाटात होता, माझ्या खुर्चीच्या मागे. हात मागे केला असता तर पोचला असता.

मी हात मागे केला नाही.

"कार्डही नाही," शेठ म्हणाले. "मग मी काय समजायचं?"

सगळ्यात वाईट पुढचं. मुलीचा बाप पुढे आला आणि काकांना म्हणाला, "कुणाला दिली आमची तारीख? आमी गरीब म्हनून? सांगायचं तरी व्हतं, आमी मांडव टाकला असता." काकांनी दुसरा हॉल बघून देतो म्हटलं. त्याने ऐकून घेतलं नाही, पत्रिका उचलल्या आणि गेला. काकांनी चाव्या शेठच्या हातात दिल्या, टेबलावरचा पसारा तसाच ठेवला आणि तेही गेले. पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर मी बसले.

ते लग्न सातपूरला मुलाच्या कॉलनीतल्या मैदानात मांडव घालून झालं. पत्रिकेत एक जागा, मांडव दुसरीकडेच, म्हणून मुलाकडच्यांनी बापाला सगळ्यांदेखत टोमणे मारले, असं नंतर आमच्या आचाऱ्याकडून कळलं.

आज ओळखीतलं कुणी नवं कार्यालय, नवं लॉन काढतं आणि मला विचारतं, बुकिंगला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. मी एवढंच विचारते: तुमच्याकडे माणसं तारीख मागतात कशी? ते आधी बघा, पडदा नंतर. लोकांना हे अनुभवाचं बोलणं वाटतं.

शेठ वारल्यावर वर्षभराने मी काकांकडे गेले. पंचवटीतल्या दोन खोल्या. मी उभ्यानेच सांगितलं, गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी दोरा सोडला नाही.

"माहीत होतं मला," काका म्हणाले. "ठळक अक्षर पुसट म्हणालीस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? शेठला तेच ऐकायचं होतं." मग म्हणाले, "शेठ असताना आली असतीस तर."

मी शेठ जायची वाट बघत होते, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच मला कळलं. मी रडायला लागले तर ते चिडले. "रडू नको इथे. सूनबाईला वाटेल काय झालं. मला सांगून काय उपयोग? त्या पोरीच्या बापाला सांग. तो अजून समजतो मी त्याची तारीख विकली. त्या बाजूचं एक माणूस तेव्हापासून माझ्या दारात आलेलं नाही."

गावाचं नाव कार्डावर होतं. गठ्ठ्यातून तेवढं एक कार्ड मी परत घेतलं.

एसटीने सुरगाण्याला, तिथून जीपने. मी त्यांना घरी गाठणार होते, चार भिंतींच्या आत. पण ते जीप थांबते तिथेच, चहाच्या टपरीशी भेटले, आणखी पाच-सहा जणांत बसलेले. केस पांढरे झालेले. मी ओळख सांगितली. त्यांना आठवलं, लगेच. चेहरा बंद झाला.

मी त्यांना बाजूला चला म्हटलं. ते उठले नाहीत. मग मी तिथेच, हळू आवाजात सांगितलं. तारीख काकांनी धरली होती. मी भरली नाही. मीच दुसऱ्याला दिली. तुमचं कार्ड माझ्याकडे होतं.

त्यांनी कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखला.

"काकानं नाय विकली?"

"नाही."

"आन्‌ आमी गावभर सांगत फिरलो." मग बाकावरच्या माणसांकडे वळून म्हणाले, "ऐकलं का रं?"

त्यांनी ऐकलं नव्हतं. जीपचं इंजिन चालू होतं, मी दबक्या आवाजात बोलले होते.

"ताई, परत सांग," ते म्हणाले. "जोरात सांग."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी पदर सावरला आणि पहिल्यापासून, मोठ्याने, परत सांगायला लागले.